हवेवर थंड होणारे फोर्जिंग पोलाद आणि ट्रॉलीचा स्पिंडल

ऐरण

नमस्कार मंडळी.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे छोटे वर्कशॉप आहे आणि आजूबाजूच्या ट्रॉली बांधणाऱ्यांना आम्ही एक्सल व स्पिंडल (एक्सलच्या टोकाचा, चाक ज्याच्याभोवती फिरते तो दांडा) तयार करून देतो. स्पिंडलचे फोर्जिंग बाहेरून येते. आमच्याकडे लेथवरचे काम, आटे पाडणे आणि जोडणी एवढेच होते. आजवर आम्ही ईएन १९ चे, हार्डनिंग-टेम्परिंग करून आलेले फोर्जिंग वापरत आलो. आता पुरवठादाराने ३८ एमएनव्हीएस ६ या पोलादाचा प्रस्ताव दिला आहे. हे फोर्जिंग हॅमरखालून निघाले की पंख्याच्या हवेवर थंड होते, पुन्हा भट्टीत जात नाही, तेलात बुडत नाही आणि त्यामुळे किलोमागे स्वस्त पडते. कडकपणा मात्र दोन्हींचा सारखाच, म्हणजे २६० ब्रिनेलच्या आसपास राहील, असे त्याचे म्हणणे आहे.

आमच्या गिऱ्हाइकांना हे पटत नाही. ज्याला पाणी दिले नाही ते लोखंड कच्चे, ही समजूत इकडे लोहाराच्या भात्यापासून चालत आलेली आहे आणि ती एका सर्टिफिकेटने जाणारी नाही. माझी अडचण मात्र वेगळी आहे. आमच्या ट्रॉल्या हंगामात सोयाबीन आणि कापूस वाहतात, एरवी मुरूम, रेती आणि विटा वाहतात. पांदण रस्त्यावर, पावसानंतरच्या काळ्या जमिनीत, भरलेली ट्रॉली हबपर्यंत रुतते आणि दोन ट्रॅक्टर जोडून हिसक्याने ओढून काढावी लागते. असा मार खाणाऱ्या भागासाठी केवळ ब्रिनेलचा आकडा जुळला म्हणून पोलाद बदलावे का, आणि बदलायचे झाल्यास काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

सूक्ष्मदर्शी

नागपूरला धातुशास्त्र शिकून पुढची बरीच वर्षे फोर्जिंगच्या धंद्यात काढली असल्यामुळे थोडे लांबण लावून लिहितो.

आधी गिऱ्हाइकांच्या शंकेबद्दल. हे पोलाद कच्चे नसते, त्याचे बळ निराळ्या वाटेने येते एवढेच. ईएन १९ मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेले असतात, ते पोलाद तेलात बुडवून मार्टेन्साइट (अतिशय कडक पण ठिसूळ रचना) तयार करायचा आणि नंतर टेम्परिंग करून तो चिवट करून घ्यायचा, अशी पद्धत आहे. ३८ एमएनव्हीएस ६ मध्ये कार्बन ०.३४ ते ०.४१ टक्के, मँगनीज १.२ ते १.६ टक्के, गंधक ०.०२ ते ०.०६ टक्के, व्हॅनेडियम ०.०८ ते ०.२० टक्के आणि नायट्रोजन ०.०१ ते ०.०२ टक्के असतो. बिलेट (घडणीसाठी कापलेला पोलादाचा तुकडा) सुमारे १२०० अंशांपर्यंत तापले की व्हॅनेडियम पोलादात पूर्ण विरघळून जातो. घडण झाल्यावर तुकडा थंड होत असताना ऑस्टेनाइटचे (तापलेल्या पोलादाच्या रचनेचे) रूपांतर फेराइट (मऊ लोखंड) आणि पर्लाइटमध्ये (लोखंड व कार्बाइडच्या थरांत) होऊ लागते आणि नेमक्या त्याच वेळी व्हॅनेडियमचे कार्बोनायट्राइड काही नॅनोमीटरच्या कणांच्या रूपाने, ओळी धरून, बाहेर पडतात. पोलाद वाकायचे म्हणजे त्याच्या स्फटिकांतले दोष सरकायचे. हे कण त्यांना जागोजागी अडवतात. मँगनीजमुळे रूपांतराचे तापमान खाली येते आणि पर्लाइटचे थर बारीक पडतात, त्याचीही भर पडते. हे सगळे साधारण ८०० ते ५०० अंशांच्या दरम्यान उरकते, म्हणजे पंख्याखाली फार तर पाच-सात मिनिटांत. (मँगनीजचे म्हणाल तर भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या खाणी मँगनीजच्याच आहेत, तेव्हा या पोलादाशी विदर्भाचे नाते अगदीच परके नाही.)

ही कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकात जर्मनीत ४९ एमएनव्हीएस ३ नावाचे पोलाद क्रँकशाफ्टसाठी पुढे आले, तेव्हा तेल महाग झाले होते आणि भट्टीचे एक संपूर्ण चक्र वाचणे ही मोठी गोष्ट होती. पुढे युरोपात ईएन १०२६७ हे मानक १९९८ साली निघाले आणि ३८ एमएनव्हीएस ६ त्यातलेच आहे.

आता मुद्द्यावर येतो. त्या मानकाप्रमाणे या पोलादाचे टेन्साइल बळ (तुटण्यापूर्वी सोसलेला सर्वाधिक ताण) ८०० ते ९५० मेगापास्कल, यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते तो) किमान ५२०, लांबण (तुटण्यापूर्वी ताणले जाणे) किमान १२ टक्के आणि तुटल्या जागी छेद आकसण्याचे प्रमाण किमान २५ टक्के असते. ईएन १९ हे जुने ब्रिटिश नाव, त्याचे युरोपीय भावंड म्हणजे ४२ सीआरएमओ ४. हार्डनिंग-टेम्परिंग केल्यावर, ४० ते १०० मिलिमीटर जाडीसाठी त्याचे टेन्साइल ९०० ते ११००, यील्ड किमान ६५०, लांबण १२ टक्के आणि छेद आकसण्याचे प्रमाण ५० टक्के असते. लांबणीचा आकडा दोन्हीकडे सारखा आहे, त्यावर विसंबू नका. यील्ड आणि छेद आकसणे या दोन रकान्यांकडे पाहा, खरा फरक तिथे आहे.

ब्रिनेलचा आकडा टेन्साइल बळाशी बांधलेला असतो. २६० ला सुमारे ३.४ ने गुणले की ८८० च्या जवळपास टेन्साइल निघते, मग पोलाद कोणतेही असो. यील्ड त्या आकड्यातून कळत नाही. फेराइट-पर्लाइटच्या पोलादात यील्ड हे टेन्साइलच्या ६० ते ६५ टक्के एवढेच असते, नीट टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटमध्ये ते ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. म्हणजे दोन स्पिंडल ब्रिनेल यंत्राखाली जुळ्या भावांसारखे दिसले तरी जास्त भार पडल्यावर एक आधी वाकून बसेल आणि दुसरा परत सरळ होईल. तुमच्याकडे ट्रॉलीचे चाक वरून आत झुकलेले दिसते ना, तो यील्डचा प्रश्न आहे, टेन्साइलचा नाही.

तरीही एक गोष्ट या पोलादाच्या बाजूने सांगितली पाहिजे. ट्रॉलीचा स्पिंडल ईएन १९ चाच हवा असे कुठे लिहिलेले नाही. साधे ४५ कार्बनचे, म्हणजे ०.४५ टक्के कार्बनचे पोलाद हार्डनिंग-टेम्परिंग केले तरी त्याच जाडीला त्याचे यील्ड किमान ३७० आणि टेन्साइल ६३० ते ७८० एवढेच मिळते. अनेक जण तेच वापरतात. त्याच्याशी तुलना केली तर हवेवर थंड झालेले ३८ एमएनव्हीएस ६ बळात स्पष्टपणे सरस आहे.

पांदण

माहिती उत्तम आहे, पण हिसक्याचे काय? वाकलेले चाक दिसते तरी, तुटलेले चाक ट्रॉलीसकट धुऱ्याखाली जाते. चिवटपणाबद्दल लिहावे.

सूक्ष्मदर्शी

पांदण, तुम्ही या पोलादाच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे.

हॅमरखाली तापमान इतके वर असते की ऑस्टेनाइटचे कण मोठे होतात आणि पुढे भट्टीत दुसरी फेरी नसल्यामुळे ते बारीक होण्याची संधी मिळत नाही. मोठ्या कणांचे, पर्लाइट जास्त असलेले पोलाद खाच पडलेल्या जागी हिसका सहन करत नाही. खोलीच्या तापमानाला व्ही-खाचेच्या शार्पी चाचणीत (खाच पाडलेला तुकडा एका ठोक्याने तोडायला किती ऊर्जा लागते ते मोजतात) मध्यम कार्बनचे असे पोलाद बहुधा १५ ते ३० ज्यूलच्या पट्ट्यात येते. वर सांगितलेल्या ४२ सीआरएमओ ४ ची किमान अटच ३५ ज्यूल आहे आणि चांगल्या मालात त्याच्या दुपटीचे आकडे येतात. पोलाद बनवणाऱ्यांनी यावर उपायही काढले आहेत. थोडे टायटॅनियम घातले की त्याचे नायट्राइड एवढ्या तापमानालाही विरघळत नाहीत आणि कणांची वाढ रोखून धरतात. कार्बन उतरवला, जसे ३० एमएनव्हीएस ६ मध्ये, तर चिवटपणा वाढतो आणि बळ थोडे कमी होते. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे हवेवर थंड होऊनच बेनाइट (पर्लाइट आणि मार्टेन्साइट यांच्या मधली रचना) देणारी, कमी कार्बनची पोलादे. त्यांचे टेन्साइल १००० च्या वर जाऊनही चिवटपणा बरा राहतो, परंतु त्यांचे यील्ड अपेक्षेपेक्षा खाली राहण्याची तक्रार असते आणि लहान पुरवठादाराकडे ती मिळणे अवघड आहे.

गंधकाचाही यात वाटा आहे. ऐरण यांना लेथवर हा माल आवडेल, कारण मँगनीज सल्फाइडमुळे चिप आखूड तुटते, ईएन १९ सारखी लांब गुंडाळी टूलपोस्टभोवती फिरत नाही. पण तेच सल्फाइड घडणीच्या दिशेने ताणले जाऊन धाग्यांसारखे पसरतात आणि आडव्या दिशेचा चिवटपणा खातात. स्पिंडलमध्ये ताण लांबीच्या दिशेने असल्यामुळे हे चालून जाते. हुकाच्या किंवा कानाच्या आकाराच्या भागात मात्र विचार करावा लागेल.

थकव्याबाबत हे पोलाद कमी नाही. समान टेन्साइल असेल तर वारंवार येणाऱ्या भाराखाली ते हार्डनिंग-टेम्परिंगच्या पोलादाच्या बरोबरीने टिकते आणि त्याची सहनमर्यादा टेन्साइलच्या ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास धरतात. ट्रॉलीचा स्पिंडल फिरत नाही, चाक त्याच्याभोवती फिरते. म्हणून वाकवणारा भार कायम एकाच बाजूने येतो आणि ताण नेहमी स्पिंडलच्या खालच्या अंगाला राहतो. तुमच्याकडे तुटलेला स्पिंडल आला तर बेअरिंगच्या खांद्याच्या कोपऱ्यात खालच्या बाजूला पाहा. शिंपल्यासारख्या रेषा असलेला गुळगुळीत, काळपट डाग तिथे असेल आणि उरलेला भाग खडबडीत, चमकता असेल, तर तो एका हिसक्याने तुटलेला नाही, महिनोन्महिने भेग सरकत आलेली आहे. अशा वेळी दोष बहुतेकदा पोलादापेक्षा त्या कोपऱ्यात लेथच्या टोकदार टूलने सोडलेल्या धारेचा असतो. कमी चिवट पोलाद वापरायचे तर ती धार अजिबात परवडणार नाही, कोपऱ्याला बेअरिंग बसू देईल तेवढी जास्तीत जास्त गोलाई द्या आणि तिथे टूलची रेघ शिल्लक ठेवू नका.

तापमापी

मी एका फोर्जिंग कारखान्यात गुणवत्तेचे काम पाहतो. वरच्या विवेचनात एक बाजू राहिली आहे असे वाटते म्हणून लिहितो.

हार्डनिंग-टेम्परिंगमध्ये भट्टी आधीच्या सगळ्या चुका पोटात घालते. घडण थोडी गरम झाली, तुकडा ढिगात पडून राहिला, तरी पुढे ८५० अंशांना पुन्हा तापवून तेलात टाकला की मागचे बरेचसे पुसले जाते. हवेवर थंड होणाऱ्या पोलादाला अशी दुसरी संधी नसते. ट्रिमिंग प्रेसवरून (घडणीची जादा कड कापणाऱ्या यंत्रावरून) उतरल्यावर तुकडा कसा थंड झाला, तेच त्याचे उष्णतासंस्करण. सेकंदाला सुमारे एक ते दोन अंश या वेगाने, एकेक तुकडा सुटा ठेवून, चालत्या कन्व्हेअरवर तो ५०० अंशांच्या खाली आणायचा असतो. प्रत्यक्षात काय होते? रात्रपाळीला कन्व्हेअर बंद पडतो आणि गरम तुकडे लोखंडी बिनमध्ये एकावर एक पडू लागतात. बिनच्या मधले तुकडे आगटीतल्या राखेखालच्या निखाऱ्यासारखे तासन्तास लाल राहतात. त्यांच्यात पर्लाइट जाड पडतो, व्हॅनेडियमचे कण मोठे आणि विरळ होतात आणि यील्ड मानकाच्या खाली घसरते. त्याच बिनच्या काठावरचे तुकडे मात्र व्यवस्थित असतात. तपासणीला नमुना वरून उचलला तर तो उत्तीर्णच होणार.

उलट टोकाचा प्रकारही घडतो. घाई म्हणून पंखा जवळ ओढला किंवा पाण्याचा फवारा सोडला, तर पातळ भागात बेनाइट तयार होतो. ब्रिनेल वाढते, त्यामुळे सगळे खूश होतात, पण यील्ड त्या प्रमाणात वाढत नाही आणि चिवटपणाही बेभरवशाचा होतो. म्हणून या पोलादात कडकपणा वरच्या मर्यादेच्या बाहेर गेला तरी माल परत करावा, केवळ खालच्या मर्यादेवर लक्ष ठेवून भागत नाही.

एक शंका नेहमी येते, विशेषतः आपल्या भागातून, की नवतपाच्या ४६-४७ अंशांच्या उन्हाळ्यात आणि डिसेंबरच्या थंडीत एकच पोलाद सारखे कसे उतरेल. याचा हिशोब सोपा आहे. ६५० अंशांच्या तुकड्याचा बाहेरच्या हवेशी फरक थंडीत ६४० अंश असेल तर उन्हाळ्यात ६०४ अंश, म्हणजे वाऱ्याने निघणारी उष्णता पाच-सहा टक्क्यांनी कमी होते. किरणांवाटे निघणाऱ्या उष्णतेत तर एक टक्क्याचाही फरक पडत नाही, कारण ती केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर चालते आणि तिथे तापलेल्या तुकड्यासमोर बाहेरची हवा नगण्य आहे. ऋतू एवढा त्रास देत नाही. शेडचे मोठे दार उघडे राहून कन्व्हेअरच्या एका बाजूवर वारा येतो, तो त्याहून कितीतरी जास्त त्रास देतो.

ऐरण, तुमच्या स्पिंडलला जाड कॉलर असेल तर तिच्यावर आणि दांड्यावर वेगवेगळे ब्रिनेल घ्या. दोन्हींत फरक थोडा असणारच, पण तो २० अंकांच्या वर गेला तर थंड करण्याची पद्धत विचारा.

खरवड

मी ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो. आमच्याकडे एक्सल वाकला की गॅसने लाल करायचा, प्रेसवर सरळ करायचा आणि वरून पाणी मारायचे, ही चाल आहे. वेळ हंगामाची असते, शेतकरी समोर उभा असतो आणि नवीन एक्सल यायला आठवडा लागतो. या पोलादाचे भाग असे सरळ केले तर चालतील का? आणि हातात आलेला भाग कोणत्या पोलादाचा आहे हे ओळखायचे कसे? ग्राइंडरच्या ठिणगीवरून ईएन ८ (मध्यम कार्बनचे साधे पोलाद) आणि स्प्रिंग पाटा यांतला फरक मला कळतो, पण याचा अंदाज येत नाही.

सूक्ष्मदर्शी

खरवड भाऊ, ठिणगीवरून कार्बनचा अंदाज येतो, कारण ठिणगीची फुले कार्बनमुळे फुटतात. ०.१ टक्का व्हॅनेडियम त्यात दिसत नाही. तेव्हा हे पोलाद तुम्हाला साध्या ४० कार्बनच्या पोलादासारखेच दिसेल आणि त्यात तुमची नजर कमी पडते असे मुळीच नाही. प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरशिवाय ते ओळखता येत नाही.

गॅसने लाल करण्याबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. मशालीखाली लाल होईपर्यंत तापवलेले पोलाद साधारण ८०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. त्या तापमानाला व्हॅनेडियमचे सगळे कण पुन्हा विरघळत नाहीत, त्यासाठी हजाराच्या बरेच वर जावे लागते. न विरघळलेले कण मोठे होतात आणि मोठ्या कणांना दोषांचे सरकणे अडवता येत नाही. लाल झालेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना ६५० ते ७०० अंशांचा पट्टा असतो, तिथे पर्लाइटचे थरही तुटून गोळे व्हायला लागतात. परिणामी एक्सल सरळ दिसतो, पण हातभर लांबीचा एक नरम पट्टा त्याच्या मध्येच तयार होतो आणि पुढच्या खड्ड्यात तो तिथेच वाकतो.

पाणी मारणे तर याहून वाईट. ०.३८ कार्बन आणि १.४ मँगनीजचे पोलाद लाल असताना पाणी लागले की मार्टेन्साइट होते, तेही टेम्पर न केलेले, काचेसारखे ठिसूळ. वरच्या कातडीला बारीक भेगा पडतात आणि त्या रंगाखाली झाकल्या जातात. ईएन १९ च्या एक्सललाही हाच नियम आहे, उलट तिथे मार्टेन्साइट आणखी खोलवर जातो. म्हणून कोणत्याही पोलादाचा पुढचा एक्सल किंवा स्टिअरिंगचा भाग असेल तर तो गॅसवर घेऊ नये. थोडासा बाक असेल आणि भाग मागच्या ट्रॉलीचा असेल, तर थंड स्थितीत प्रेसवर हळूहळू सरळ करून त्या जागी भेग नाही ना, हे डाय पेनेट्रंटने पाहावे. लाल रंगाच्या त्या फवाऱ्याचा संच तालुक्याच्या वेल्डिंग सामानाच्या दुकानात मिळू शकतो. एवढे करूनही सरळ केलेल्या भागात अंतर्गत ताण उरतो आणि त्याचे आयुष्य नव्यापेक्षा कमीच राहते.

वेल्डिंगचा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आताच सांगतो. कार्बन समतुल्य (वेल्डिंग करताना पोलाद भेगाळण्याचा धोका सांगणारा आकडा) काढले तर ३८ एमएनव्हीएस ६ चे सुमारे ०.६५ येते आणि ईएन १९ चे ०.७८ च्या आसपास. दोन्ही भेगाळणारी पोलादे आहेत. स्पिंडल एक्सलच्या बीममध्ये वेल्डिंगने बसवत असाल तर २०० ते ३०० अंशांपर्यंत आधी तापवणे, भट्टीत सुकवलेली लो-हायड्रोजन कांडी वापरणे आणि जोड सावकाश थंड होऊ देणे, यात सवलत नाही. एवढ्या तापवण्याने व्हॅनेडियमच्या कणांना काही होत नाही, त्याची काळजी करू नका. पावसाळ्यात ओल धरलेल्या पुड्यातली कांडी तशीच लावणे हे मात्र पोलादाच्या निवडीपेक्षा मोठे संकट आहे.

वखरपास

मी शेतकरी आहे, विषय माझ्या आवाक्याबाहेरचा असला तरी एक विचारतो. रोटाव्हेटरची पाती आणि वखराची पास या पोलादाची केली तर स्वस्त पडतील का?

तापमापी

पडतील, पण टिकणार नाहीत. पात्याला झीज सोसायची असते आणि मुरमाड जमिनीत दगड लागला की हिसकाही सोसायचा असतो. २६० ब्रिनेलची कडा काळ्या जमिनीतही लवकर बोथट होईल. रोटाव्हेटरच्या पात्यांना बोरॉन पोलाद पाण्यात किंवा तेलात कडक करून टेम्पर केलेलेच योग्य. हवेवर थंड होणारे पोलाद क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, स्पिंडल, एक्सल बीम अशा भागांसाठी आहे, जिथे भार जास्त पण घासणे नाही, किंवा असलेच तर तेवढ्या जागेपुरते इंडक्शनने कडक करून घेता येते.

खरवड

कनेक्टिंग रॉडचा विषय निघाला म्हणून लिहितो, वाचणाऱ्या मेकॅनिक बांधवांच्या उपयोगी पडेल. नव्या डिझेल इंजिनांत काही रॉडची कॅप करवतीने कापलेली नसते, ती एका ठोक्याने तोडून वेगळी केलेली असते. जोडाचा पृष्ठभाग खडबडीत, दाणेदार दिसतो. जुन्या इंजिनांत बेअरिंगचा खेळ वाढला की आम्ही कॅपवर फाईल मारून तो काढायचो. या रॉडवर ते करता येत नाही. एका रॉडची कॅप दुसऱ्याला लागत नाही, उलटीही बसत नाही आणि तो दाणेदार भाग फरशीवर ठेवला तरी दाणे चेपतात. हे पोलादही याच जातीचे का?

सूक्ष्मदर्शी

याच कुळातले, फक्त कार्बन वाढवलेले. सी ७० एस ६ मध्ये कार्बन ०.७ टक्क्याच्या आसपास असतो आणि रचना जवळजवळ पूर्ण पर्लाइटची असते. इथे कमी चिवटपणा हाच कामाचा ठरवला गेला आहे. रॉडच्या आतल्या बाजूला लेझरने खाच पाडतात, ठोका देतात आणि तो जराही न ताणता कोरडा तुटतो, म्हणून दोन्ही तुकडे पुन्हा तंतोतंत जुळतात. चिवट पोलाद असते तर तुटताना ओढले गेले असते आणि भोक लंबगोल झाले असते. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी अगदी बरोबर आहेत.

ऐरण

सर्वांचे मनापासून आभार. पुरवठादाराकडून नमुन्याचे काही स्पिंडल मागवले होते आणि तालुक्याच्या ठिकाणी ओळखीच्या कारखान्यात त्यांचे ब्रिनेल घेतले. दांड्यावर आकडे २५५ ते २६५ आले, कॉलरवर मात्र एका तुकड्यात २२८ निघाले. तापमापी यांनी सांगितल्याप्रमाणे विचारणा केली तेव्हा तो तुकडा बिनमध्ये पडून थंड झाला असावा, असे उत्तर मिळाले. यापुढे माल कन्व्हेअरवरच थंड केला जाईल असे पुरवठादार लिहून देण्यास तयार आहे.

दुसरे असे की यील्ड कमी असल्यास व्यास किती वाढवावा लागेल याचा अंदाज हवा आहे. सध्या आतल्या बेअरिंगखाली ५० मिलिमीटर आहे.

सूक्ष्मदर्शी

वाकण्याचा ताण व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ६५० भागिले ५२० म्हणजे १.२५, त्याचे घनमूळ १.०७७. म्हणजे ५० चे ५४ मिलिमीटर केले की यील्डमधली तूट भरून निघते. बेअरिंग मात्र ५४ चे मिळत नाही. ३०२१० चे भोक ५० असते, त्याच्या वरचे ३०२११ हे ५५ चे, आणि त्याचा बाहेरचा व्यास ९० ऐवजी १०० असल्यामुळे हबचे बोअरिंगही बदलावे लागेल. फोर्जिंगमध्ये वाचलेले पैसे हबमध्ये जातील का, हा हिशोब तुम्ही करायचा. लवचिकतेचा गुणांक दोन्ही पोलादांचा सारखाच असल्यामुळे नेहमीच्या भाराखाली स्पिंडल किती लवतो यात पोलाद बदलून काहीच फरक पडत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगता येईल.

माझे मत विचाराल तर हलक्या, शेतमालाच्या ट्रॉलीला ५० मिलिमीटरमध्ये हे पोलाद वापरण्यास हरकत नाही, ४५ कार्बनच्या स्पिंडलपेक्षा ते चांगलेच ठरेल. रेती आणि मुरमाच्या ट्रॉलीला मात्र एक तर ५५ चा स्पिंडल द्या, नाही तर ईएन १९ वरच राहा. तिथे ५० मिलिमीटरमध्ये केवळ पोलाद बदलणे मला मान्य नाही.

तापमापी

ऑर्डरवर लिहून घेताना केवळ 'मानकाप्रमाणे' असे लिहू नये. मानकातले आकडे बारसाठी असतात, तुमच्या हातात येणार आहे ते फोर्जिंग. म्हणून टेन्साइल चाचणी प्रत्यक्ष फोर्ज केलेल्या स्पिंडलच्या दांड्यातून, लांबीच्या दिशेने कापलेल्या नमुन्यावर व्हावी, यील्ड किमान ५२० आणि छेद आकसणे किमान २५ टक्के असावे, दांडा व कॉलर दोन्हींचे ब्रिनेल २४० ते २८० मध्ये असावे आणि सूक्ष्मरचना फेराइट-पर्लाइटचीच असावी, असे शब्दांत नमूद करा. प्रत्येक हीट नंबरसाठी (पोलादाच्या एका ओतीच्या क्रमांकासाठी) एक चाचणी पुरेशी आहे, पण तुकडा ढिगाच्या वरचा न घेता मधला घ्यायला सांगा.

ऐरण

तसेच लिहून घेतो. नागपूरच्या प्रयोगशाळेत टेन्साइलसाठी नमुना पाठवायचा आहे, तो आमच्याकडेच कापून पाठवला तर चालेल का?

तापमापी

चालेल, फक्त गॅस कटरने कापू नका. हॅक्सॉ मशीनवर कुलंट सोडून कापा आणि कापलेल्या टोकावर हीट नंबर पंच करा.